पाणी सुटले की सोडले? ('डिस्चार्ज' या शब्दाविषयी थोडेसे)

मराठीत इंग्रजी शब्द फार शिरले, ही तक्रार आता इतकी जुनी झाली आहे की ती पुन्हा करण्यात काही अर्थ उरलेला नाही. प्रस्तुत लेखात मला ती करायचीही नाही. मला फक्त एका शब्दाचा माग काढायचा आहे. तो शब्द म्हणजे 'डिस्चार्ज'. आमच्या भोंगवलीत पावसाळ्यातल्या एकाच आठवड्यात हा शब्द चार निरनिराळ्या ठिकाणी कानावर पडतो. धरणातून डिस्चार्ज वाढला. अमक्याच्या आईला दवाखान्यातून डिस्चार्ज मिळाला. टाक्यांतून डिस्चार्ज येतोय. आणि मोबाइलची बॅटरी डिस्चार्ज झाली. चारही ठिकाणी कोठून तरी काहीतरी बाहेर पडते आहे, एवढेच काय ते साम्य. पाणी, माणूस, पू आणि वीज या चौघांना एका दावणीला बांधण्याचे काम या शब्दाने केले आहे. त्यामुळे बोलणाऱ्याची सोय झाली यात शंका नाही. ऐकणाऱ्याची झाली का, हा माझा प्रश्न आहे.

प्रथम या शब्दाचे मूळ पाहू. इंग्रजीत तो जुन्या फ्रेंचमधून आला आणि त्याच्या तळाशी उत्तरकालीन लॅटिनमधला 'गाडा' या अर्थाचा शब्द आहे. गाड्यावर भरलेले ओझे उतरवणे, गाडी खाली करणे, हा मूळचा अर्थ. एवढे कळले की इंग्रजीतला त्याचा पसारा आपोआप उलगडतो. जहाजाने माल उतरवला, शिपायाला फौजेतून मोकळे केले, आरोपीला सोडले, तोफ डागली, कर्ज फेडले, कर्तव्य बजावले, ढगातली वीज उतरली; सगळीकडे कोणीतरी भार वाहत होते आणि तो उतरला, हेच चित्र आहे. इंग्रज माणसाच्या मनात ते चित्र आज जागे असेल असे नाही, परंतु शब्दाच्या पोटात ते आहे.

मराठीने या सगळ्यांना वेगवेगळी क्रियापदे दिली होती. रोग्याला घरी सोडतात. कैदी सुटतो. बंदूक झाडतात. कर्ज फिटते किंवा फेडतात. जखम वाहते. वीज पडते. बॅटरी उतरते, हा प्रयोग मला विशेष आवडतो, कारण ज्या कोणी तो प्रथम केला त्याला लॅटिन गाड्याची कल्पना नसताना त्याने नेमके ओझे उतरवण्याचेच क्रियापद उचलले. आमच्याकडे वयस्कर मंडळी अजून 'टॉर्चचं मसाल उतरलं' असेच म्हणतात. आणि पाण्यासाठी तर काय वाटेल तेवढे शब्द. झरा फुटतो, खडकातून पाणी पाझरते, भिंतीतून झिरपते, छपरातून गळते, नळातून ठिबकते, भांड्यातून सांडते, तळ्यातून उतू जाते. जोराच्या पावसानंतर भातखाचरात जमिनीतूनच पाणी वर येते त्याला 'उपळ' फुटले म्हणतात. नदी आटली की वाळूत खणतात तो 'झिरा'. यातला एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. छपर पाझरते असे म्हटले तर घरधनी कौले फेरायला वर चढणार नाही. गळते म्हटले की चढेल. कारण गळणे हा दोष आहे, पाझरणे हा स्वभाव आहे.

अशा ठिकाणी एकच नाम आले की काय होते, याचे एक उदाहरण आमच्याच घरचे आहे. माझ्या मामींचे पोटाचे ऑपरेशन झाले होते. दवाखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. कोठेही हे घडू शकले असते. चौथ्या दिवशी फेरीवरच्या तरुण डॉक्टरांनी आपुलकीने विचारले, "काय मावशी, डिस्चार्ज आहे का काही?" मामी म्हणाल्या, "नाही डॉक्टरसाहेब, उद्या देणार म्हणत्यात." डॉक्टरांनी त्यातला 'नाही' तेवढा ऐकला, कागदावर 'डिस्चार्ज नाही' असे लिहिले आणि ते पुढच्या खाटेकडे वळले. दुसऱ्या दिवशी मामी घरी आल्या. टाक्यांतून पाणी येत होते हे त्यांना ठाऊक होते. पण 'टाक्यांतून पाणी येतंय का' असे त्यांना कोणी विचारलेच नव्हते. आठवड्याभरात टाके पिकले आणि परत जावे लागले. मामी बऱ्या झाल्या म्हणून हे आज हसत सांगता येते. दोघेही आपापल्या परीने बरोबर बोलत होते. एकच शब्द दोघांनी दोन टोकांनी धरला होता.

परंतु याच दवाखान्यात या शब्दाची दुसरी बाजूही दिसते आणि ती न सांगणे अन्यायाचे होईल. बायकांच्या दुखण्यांना आपल्या बोलीत जे शब्द आहेत ते पुरुष डॉक्टरसमोर, त्यातही सासू बाजूला बसलेली असताना, उच्चारणे फार अवघड जाते. 'अंगावरून जाणे' हा प्रयोग त्यातल्या त्यात झाकलेला. तोही पुष्कळ जणींच्या ओठांवर येत नाही. 'डिस्चार्ज होतो' हे मात्र त्या सहज सांगतात, कारण या शब्दाला वास नाही, रंग नाही, लहानपणी तो कोणी दटावून बंद केलेला नाही. परका शब्द येथे पदरासारखा उपयोगी पडतो. तेव्हा शुद्ध मराठीच्या आग्रहाने कोणी हा पदर ओढू नये असे मला वाटते. विवाहविषयक जाहिरातींत 'इश्यूलेस' लिहितात तेही याच जातीचे. 'मूलबाळ नाही' या दोन शब्दांत जे दुःख आणि जे टोमणे साठले आहेत ते त्या इंग्रजी शब्दात नाहीत.

आता पाण्याकडे वळतो, कारण आमच्या भागात या शब्दाचा खरा कारभार तेथे आहे. भोर तालुक्याच्या पश्चिमेला शिरगावजवळ नीरेचा उगम दाखवतात. वेळवंडीवर भाटघरला धरण आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथे पहिले धरण झाले. पुढे १९२० च्या दशकात त्याच जागी आजचे मोठे दगडी धरण उभे राहिले आणि मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या नावाने ते ओळखले गेले. त्याच्या जलाशयाला आज येसाजी कंकांचे नाव आहे. नीरेवर वरच्या अंगाला नीरा देवघर धरण आहे. वेल्ह्याच्या बाजूला गुंजवणी आहे. हे सारे पाणी खाली नीरेला मिळते आणि वीर धरणात जाते. आमचा भाग भाटघर आणि वीर यांच्या मधला. म्हणजे वर जे काही होईल ते आमच्या काठावरून जाणार.

वर जे होते त्याला इंजिनियर डिस्चार्ज म्हणतात आणि वर्तमानपत्रे व सरकारी पत्रके 'विसर्ग' म्हणतात. विसर्ग हा शब्द काही वाईट नाही. उलट मोठ्या घराण्यातला आहे. संस्कृतात 'सृज्' धातूचा अर्थ सोडणे, निर्माण करणे. त्यापासून सर्ग, सृष्टी, निसर्ग, संसर्ग, उत्सर्ग, उत्सर्जन, विसर्जन ही सारी भावंडे झाली. गणपतीचे विसर्जन, कारखान्याच्या धुराचे उत्सर्जन आणि शब्दाच्या शेवटी दोन टिंबे देऊन सोडलेला श्वास, हे तिन्ही एकाच कुळातले. आयुर्वेदात वर्षाचे दोन भाग केले आहेत; उत्तरायणाचा तो आदानकाळ, सूर्य सृष्टीचा रस घेतो तो; आणि वर्षा, शरद, हेमंत या ऋतूंचा तो विसर्गकाळ, जेव्हा तो रस परत दिला जातो. रघुवंशाच्या चौथ्या सर्गाच्या अखेरीस विश्वजित यज्ञात सर्वस्व देऊन टाकणाऱ्या रघूविषयी कालिदास म्हणतो की सज्जनांचे घेणे हे मेघांप्रमाणे देण्यासाठीच असते. त्या 'देण्या'साठी त्याने वापरलेला शब्द विसर्ग हाच आहे. म्हणजे पावसाच्या पाण्याला हा शब्द कालिदासाच्या काळापासून लागू आहे. पाटबंधाऱ्याच्या कचेरीत ज्याने तो प्रथम लिहिला त्याने हे वाचले होते की नाही, कोण जाणे.

तरीही गावात तो शब्द रुजला नाही. शाळेत व्याकरणाच्या तासाला 'दुःख' या शब्दातली दोन टिंबे ज्याने गिरवली, त्याला 'वीर धरणातून विसर्ग' म्हणजे काय हे एकदम उमगत नाही. सवयीने कळते, एवढेच. पण माझी अडचण शब्दाच्या कठीणपणाची नाही. कठीण शब्द सवयीने सोपे होतात. 'ग्रामपंचायत' हाही एकेकाळी नवाच होता. अडचण अशी की डिस्चार्ज घ्या वा विसर्ग घ्या, दोन्ही नामे आहेत आणि त्यांच्यापुढे आपण 'होणे' किंवा 'सुरू असणे' हे क्रियापद लावतो. 'विसर्ग सुरू आहे.' 'डिस्चार्ज झाला.' कोणी केला, हे त्यातून गळून पडते.

याउलट मराठी क्रियापदांची एक जुनी खुबी पाहा. सुटणे आणि सोडणे. फुटणे आणि फोडणे. पडणे आणि पाडणे. गळणे आणि गाळणे. तुटणे आणि तोडणे. एका स्वराचा किंवा व्यंजनाचा काय तो बदल. पण तेवढ्याने करणारा आहे की नाही हे लहान मुलालाही कळते. 'कप फुटला' आणि 'कप फोडला' यांत किती अंतर आहे हे प्रत्येक मुलाला चौथ्या-पाचव्या वर्षीच समजलेले असते! आमच्याकडे म्हातारी माणसे नदीचे पाणी चढलेले पाहिले की पहिला प्रश्न हाच करतात: "सुटलंय का सोडलंय?" पाहुण्याला हा शब्दच्छल वाटेल. पण त्या एका प्रश्नात पुढच्या चार तासांचे गणित असते. पावसाचे पाणी आपसूक आले असेल तर ते आभाळ पाहून ओळखता येते, चढते तसे उतरते. सोडलेले असेल तर आभाळ कोरडे असतानाही ते चढेल, आणि सोडणाऱ्याच्या मनात असेल तोवर चढत राहील. नदीकाठच्या विहिरीवर किंवा पात्रात ज्याची मोटार आहे त्याला ती कोणत्या वेळी उचलायची हे यावर ठरवावे लागते.

गंमत अशी की भाटघरला हा प्रश्न भाषेइतकाच यंत्राचाही आहे. त्या धरणाला स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठराविक पातळीच्या वर चढले की दरवाजे आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की बसतात. अशा दरवाज्यांची कल्पना मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी खडकवासल्याला प्रत्यक्षात आणली, १९०३ साली, हे प्रसिद्धच आहे. तेव्हा असे दरवाजे उघडतात त्या वेळी पाणी अक्षरशः 'सुटते'. त्या क्षणी कोणाचा हात नसतो. त्याच धरणाच्या वीजघरातून मात्र पाणी 'सोडतात'; तेथे माणूस चाक फिरवतो, वेळ ठरवतो, कागदावर सही करतो. एकाच भिंतीतून दोन रीतींनी पाणी बाहेर पडते आणि मराठीला त्यासाठी दोन चपखल क्रियापदे आहेत. पत्रकात मात्र दोन्हींची बेरीज करून एक विसर्ग लिहिलेला असतो. पाणी शेवटी एकच, हे खरे. परंतु एक थांबवता येते आणि दुसरे येत नाही.

या भागात या फरकाला एक काळीकुट्ट आठवणही आहे. पानशेत हे वेल्ह्याच्या बाजूचे. १२ जुलै १९६१ रोजी ते धरण फुटले, त्याच्या लोंढ्याने खाली खडकवासल्याचेही धरण गेले आणि पुणे शहर बुडाले. साठ वर्षे उलटून गेली तरी लोक 'पानशेत फुटले' असेच म्हणतात आणि पुण्यातली जुनी माणसे त्या सालापासून वर्षे मोजतात. त्या दुर्घटनेची चौकशी आयोग नेमून झाली. अशा चौकशीत इंजिनियरांच्या साक्षी, पातळ्या, माती, दगड, सगळे येते. पण तिचा गाभा एका स्वरात सांगता येईल: जे फुटले ते निव्वळ फुटले, की कोणाच्या करण्याने अथवा न करण्याने फुटले? भाषेने ही दोन घरे वेगळी ठेवलेली असली की निदान प्रश्न विचारता येतो.

आता क्युसेकविषयी. विसर्गाबरोबर हा येतोच. एका सेकंदाला एक घनफूट पाणी म्हणजे एक क्युसेक. घनफूट म्हणजे साधारण २८.३ लिटर, म्हणजे एका क्युसेकला दर सेकंदाला घरातले दोन हंडे. 'दहा हजार क्युसेकने विसर्ग' असे वाचले की मनात काहीच उभे राहत नाही. पण दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर सर्वांनी पाहिलेला आहे, आणि दहा हजार क्युसेक म्हणजे दर सेकंदाला असे अठ्ठावीस टँकर पात्रात उलटे करणे. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २,८३० कोटी लिटर. भाटघरची साठवण सुमारे साडेतेवीस टीएमसी. वरून थेंबभरही न येता दहा हजार क्युसेकने ते रिकामे करायचे म्हटले तर सत्तावीस दिवस लागतील. हा हिशोब मी कागदावर मांडून पाहिला तेव्हा धरण केवढे आहे हे मला प्रथमच कळले.

परंतु एवढे करूनही आमच्या काठावरच्या माणसाला हवे ते उत्तर मिळत नाही. जलशास्त्रात डिस्चार्ज म्हणजे पात्राच्या छेदाचे क्षेत्रफळ गुणिले पाण्याचा वेग. म्हणजे तेच दहा हजार क्युसेक रुंद पात्रात गुडघाभर चढतील आणि अरुंद घळीत पुरुषभर. येथे डिस्चार्ज शब्दाचा एक छुपा दुहेरीपणाही आहे. तंत्रज्ञ नदीच्याही डिस्चार्जविषयी बोलतात, जेथे कोणी काही सोडत नसते. त्यांच्या लेखी तो फक्त वाहण्याचा दर आहे. पत्रकात मात्र तो सोडण्याची कृती म्हणून वाचला जातो. एका शब्दात दर आणि कृती दोन्ही. नदीकाठचा माणूस विचारतो, देवळाची कितवी पायरी बुडेल? आणि किती वाजता? 'नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे' या वाक्याने त्याला भीती मिळते, माहिती मिळत नाही.

अशाच एका सूचनेकडे मी एकदा भाषेच्या विद्यार्थ्याच्या नजरेने पाहत होतो. धरणाचे दरवाजे उघडून इतक्या हजार क्युसेकचा विसर्ग. धरण आपले, दरवाजा फारसी, क्युसेक इंग्रजी, विसर्ग संस्कृत. एका वाक्यात चार वाटांनी आलेले शब्द आणि त्यातला 'दरवाजा' परका आहे याची कोणाला शंकाही येत नाही! तो इतका मुरला आहे. मग शब्द मुरतो कशाने?

शब्द बदलण्याचा प्रयत्न या मुलखाला नवा नाही. राजगड आमच्या शेजारचा. तेथून राजधानी रायगडाला गेल्यावर शिवछत्रपतींनी फारसी शब्दांऐवजी संस्कृत शब्द देणारा 'राज्यव्यवहारकोश' करवून घेतला. त्या काळी सुरनिसाचे 'सचिव' झाले, आणि पुढे भोर संस्थानचे अधिपती १९४८ मध्ये संस्थान विलीन होईपर्यंत पंतसचिव म्हणूनच ओळखले गेले. म्हणजे भोरच्या गादीचे नावच एका पारिभाषिक शब्दावर उभे होते. सचिव टिकला, मंत्रालयात आजही आहे. पण किल्ल्याला दुर्ग म्हणणारे थोडे आणि किल्ला म्हणणारे सारे. पुढे सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ केली. माधव ज्यूलियन यांनी स्वतः फारसीचे पंडित असूनही 'भाषाशुद्धिविवेक' लिहिला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली भाषा संचालनालय आले, पदनाम कोश आला, आणि आचार्य अत्र्यांनी त्याला 'बदनाम कोश' म्हटल्याची गोष्ट आपले प्राध्यापक वर्गात सांगतातच. या साऱ्या इतिहासात शिरण्याचे येथे प्रयोजन नाही.

पाण्याच्या क्षेत्रापुरते पाहिले तर मात्र एक गोष्ट स्पष्ट दिसते. ज्या नव्या शब्दात हाताला ओळखीचे क्रियापद आहे तो शब्द गावाने लगेच घेतला. १९७२ च्या दुष्काळात जागोजागी तलाव खणले गेले, ज्यांचे पाणी जमिनीत मुरून खालच्या विहिरींना लागावे अशी योजना होती. त्यांना 'पाझर तलाव' म्हटले. खडी फोडायला गेलेल्या निरक्षर बाईलाही हे नाव समजावून सांगावे लागले नाही, कारण तलावाचे काम काय ते नावातच होते. 'ठिबक' तसाच. 'ठिबक सिंचन' यातले सिंचन गळून पडले आणि 'दोन एकर ठिबक केलंय' असे शेतकरी म्हणू लागला. 'सांडवा' आणि 'सांडपाणी' हे सांडण्यातून आले आणि राहिले. याउलट 'मलनिस्सारण' कचेरीच्या पाटीवर राहिले. लोक गटार म्हणतात किंवा ड्रेनेज. 'तुषार सिंचन' दिसायला सुंदर, पण शेतात त्याला स्प्रिंकलरच म्हणतात, कारण तुषार हे नाव शेतकऱ्याने मुलाचे ठेवलेले असते, पाण्याचे नव्हे. म्हणजे इंग्रजी विरुद्ध मराठी असा हा सामनाच नाही. संस्कृत नाम जेथे क्रियापदाशी नाते सांगत नाही तेथे ते इंग्रजी नामाइतकेच परके ठरते, आणि मग दोन परक्यांत जो आखूड असेल तो जिंकतो.

पाटाच्या पाण्याचेही असेच. पूर्वी 'पाळी' म्हणत. मग साहेबांचे 'रोटेशन' आले, मग कचेरीचे 'आवर्तन' आले. आवर्तन मात्र रुजले. कशाने? मला वाटते, भजनाची आणि पोथीची आवर्तने लोकांना ठाऊक होती म्हणून. पुन्हा पुन्हा फिरून येणे हे त्यांना त्यात ऐकू आले. हा माझा तर्क आहे, जाणकारांनी तपासावा.

धरणाच्या जमाखर्चात आणखी एक शब्द मला खटकतो, तो असलेला नव्हे तर नसलेला. धरणात येणाऱ्या पाण्याला सगळेच 'आवक' म्हणतात. बाजार समितीत कांद्याची आवक होते तशीच धरणात पाण्याची. पण जाणाऱ्याला 'जावक' असे सहसा कोणी म्हणत नाही. प्रत्येक कचेरीत आवक आणि जावक अशा दोन नोंदवह्या शेजारी शेजारी असतात. पाण्याच्या बाबतीत मात्र पहिली वही मराठीत उघडते आणि दुसरी विसर्गात. 'आवक वीस हजार, जावक पंधरा हजार' असे लिहिले तर धरण भरते आहे की उतरते आहे हे ग्रामपंचायतीच्या शिपायालाही एका नजरेत कळेल. पुढे जो कोणी असे पत्रक लिहील त्याने, आणि भोर-वेल्ह्याची कितीतरी मुले पाटबंधारे खात्यात आहेत, 'दरवाजे आपोआप उघडले आहेत' किंवा 'वीजघरातून पाणी सोडले आहे' असे एक वाक्य अधिक लिहावे, आणि पाणी कोणत्या गावाच्या पुलाखाली किती वाजता पोहोचेल तेही. त्याला शाई फारशी लागत नाही.

पावसाळा संपला म्हणजे या शब्दाचा दुसरा अंक सुरू होतो. उन्हाळ्यात भाटघरचे पाणी नदीत सोडून वीरला घेतात आणि तेथून नीरेच्या डाव्या व उजव्या कालव्यांनी ते बारामती, इंदापूर, फलटण, माळशिरसपर्यंत जाते. तिकडे ज्या दिवशी पाणी पोहोचते त्या दिवशी लोक म्हणतात, 'पाणी आलं.' कचेरीत त्या दिवशी लिहितात, 'विसर्ग सुरू.' आणि भाटघरच्या वरच्या अंगाला वेळवंडीच्या खोऱ्यात, जेथे जुनी गावे आणि भातखाचरे जलाशयाखाली गेली, तेथे ते पाणी दिवसेंदिवस खाली सरकत जाते, काठावर चिखलाचे पट्टे उघडे पडत जातात आणि हंड्याची चाल लांबत जाते. एप्रिलमध्ये तेथल्या एका आजीबाईंना मी विचारले, "आजी, पाणी कधी सोडलं?" त्या म्हणाल्या, "सोडलं कुठं बाबा, नेलं."